पालेम्बांगला जाताना ‘शाकाहारी सोय’ तपासून घ्या

मा. संपादक,

सुट्टी जवळ आली की पुरवण्यांत इंडोनेशिया येतो, पण तो बाली आणि फार तर बोरोबुदूरचा बौद्ध स्तूप एवढाच. बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात वाटल्या जाणाऱ्या सहलींच्या पत्रकांचेही तेच. आता कुठे कुठे सुमात्रातल्या पालेम्बांगचे नाव दिसू लागले आहे ही चांगली गोष्ट, मात्र त्याखालीही ‘शाकाहारी व जैन जेवणाची सोय’ ही ठरलेली ओळ असते. बालीत ती निभावून जाते. पालेम्बांगमध्ये निघण्याआधी तयारी केली नाही तर निभत नाही, कारण ते शहर नदीवर आणि मासळीवर उभे आहे.

मुसी नदी शहराचे दोन भाग करते. उत्तरेकडचा इलिर, दक्षिणेकडचा उलु. दोन्हींना जोडणारा अम्पेरा पूल १,११७ मीटर लांब. जपानने दिलेल्या युद्धभरपाईच्या पैशातून १९६२ साली काम सुरू झाले आणि १९६५ साली पूल खुला झाला. त्याचा मधला भाग मोठ्या जहाजांसाठी वर उचलला जाई. त्यात अर्धा तास जाई आणि तोवर रस्त्यावरची रहदारी अडून राही, म्हणून १९७० नंतर तो उचलणे बंद झाले. पुढे १९९० मध्ये तोल सांभाळणारी वजनेही उतरवली. त्यामुळे ‘उघडणारा पूल बघा’ असे कुणी पत्रकात लिहिले असेल तर ते विसरा. विमानतळावरून पुलापर्यंत एलआरटी, म्हणजे हलकी शहरी रेल्वे, आहे. २०१८ साली सुरू झालेली ही २३.४ किलोमीटरची मार्गिका; ‘अम्पेरा’ स्थानकात उतरले की कुतो बसाक किल्ल्याचा नदीकाठ चालत गाठता येतो. टॅक्सीची गरज नाही. १७९७ साली पुरा झालेला हा किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने बाहेरूनच बघायचा.

होड्या याच काठावरून सुटतात. केतेक म्हणजे आवाज करणारी छोटी लाकडी इंजिनहोडी. ती कमारो बेटावर अर्ध्या-पाऊण तासात नेते. भाडे बसण्याआधी ठरवा आणि त्यात परतीचा प्रवास व बेटावर थांबण्याचा वेळ धरला आहे हे स्पष्ट बोलून घ्या. नाहीतर बेटावरच नवा भाव सुरू होतो. बोलताना नावाडी हजारची तीन शून्ये गाळतात, ‘पंचवीस’ म्हणजे पंचवीस हजार रुपिया. समुद्र दूर असला तरी मुसीला भरती-ओहोटी आहे. ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या शेवाळ-चिखलाने निसरड्या होतात, वयस्कर माणसांना तिथेच जपावे लागते. लाइफ जॅकेट मागून घ्या. सकाळी निघालेले बरे, दुपारनंतर पाऊस गाठतो.

ऋतूचे गणित थोडे अडचणीचे आहे. नोव्हेंबर ते मार्च पाऊस. १७ ऑगस्टला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, मुसीवर बिदार या लांब होड्यांच्या शर्यती होतात आणि त्या बघण्याजोग्या असतात. पण ऑगस्ट ते ऑक्टोबर हाच दलदलीतल्या पीट (कुजलेल्या वनस्पतींच्या) जमिनी पेटण्याचा काळ. कोरड्या वर्षी धुराने विमानेही रखडतात. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी मे-जून-जुलै निवडावा.

इतिहासाची आवड असणाऱ्यांसाठी श्रीविजय या जुन्या सागरी साम्राज्याचे हे ठाणे. इथल्या केदुकान बुकित शिलालेखात दक्षिण भारतातली पल्लव लिपी आहे आणि काल शके ६०४, म्हणजे इ.स. ६८२, असा दिला आहे. शक मोजणाऱ्या आपल्या माणसांना त्याचे अप्रूप वाटेल. मूळ शिळा मात्र जकार्त्याच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, ती तिथेच बघून पुढे जावे. शहापूर-वडगावच्या विणकर मंडळींनी तांग्गा बुंतुंग भागात सोंकेत हे जरीचे वस्त्र विणताना जरूर पाहावे. सोनेरी जर आडव्या जादा धाग्याने भरतात. खरेदीपूर्वी जर कोणती आणि माग कोणता हे विचारावे.

आता खाणे. पेम्पेक, म्हणजे मासळीच्या वड्या, हा इथला जीव. सुरमईचा किंवा मरळीचा खिमा आणि टॅपिओकाचे पीठ, म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तेच. घरी करायचे तर काटे-कातडी काढलेल्या एक किलो सुरमईला सुमारे ४०० मिली बर्फगार पाणी आणि ३५ ग्रॅम मीठ घालून चिकट होईतो घोटा. पाणी गार नसेल तर मासळीचा चिकटा धरत नाही. मग ७०० ते ८०० ग्रॅम पीठ नुसते मिसळा, कणकेसारखे मळू नका. मळले की पेम्पेक रबरासारखे चिवट होते, आणि इथेच बहुतेकांचे बिघडते. उकळत्या पाण्यात थोडे तेल टाकून तरंगेपर्यंत शिजवा, खाताना तळा. आत अंडे भरलेला मोठा प्रकार कापाल सेलाम, लांबट तो लेंजेर. सोबतचा चुको म्हणजे ताडगूळ, चिंच, लसूण आणि लवंगी मिरचीचे काळे आंबटगोड पाणी. तिथले लोक ते वाटीला तोंड लावून पितात. आपल्याकडे जुना काळपट गूळ चालतो; पिवळा घेतलात तर चव पोकळ लागते. चुको गाळून रात्रभर ठेवा.

शाकाहाऱ्यांची फसगत इथूनच सुरू होते. ‘पेम्पेक दोस’ बिनमाशाचे असते, पण त्यात अंडे असू शकते आणि चुकोत किंवा वरून सुक्या कोळंबीचा चुरा पडतो. ‘मी चेलोर’ या जाड नूडल्सचा नारळी रस्सा कोळंबीचा. गादो-गादो या उकडलेल्या भाज्यांच्या शेंगदाणा चटणीत आणि बहुतेक साम्बालमध्ये (मिरचीच्या चटणीत) तरासी, म्हणजे कोळंबीची आंबवलेली वडी. ‘तान्पा इकान, तान्पा उदांग, तान्पा तरासी’ (मासे, कोळंबी, तरासी नको) हे कागदावर रोमन लिपीत लिहून दाखवावे. अंडे म्हणजे तलोर, गोमांस दागिंग सापी. १९४७ पासूनचे प्रसिद्ध ‘मार्तबाक हार’ (सारण भरलेला पराठा) हे मूळ भारतीय घराण्याचे असले तरी ते अंड्याचेच, आणि रश्श्यात कोणते मांस आहे ते विचारूनच घ्यावे.

नुसता भात, तळलेले तोफू-तेम्पे (सोयाबीनचे पनीर व आंबवलेली वडी; तेल वेगळे आहे का विचारून), फळे आणि एस काचांग मेराह, म्हणजे बर्फ, सरबत व दूध घातलेला राजमा, यांवर शाकाहारी माणसाचे दोन दिवस निघतात. लसूण-कांदाही वर्ज्य असेल तर कडक भाकरी आणि बिनलसणाची शेंगाचटणी घरूनच न्यावी, ती टिकते.

प्रवासी कंपन्यांना विनंती एवढीच की पत्रकात ‘सोय आहे’ लिहिण्याऐवजी कोणत्या दिवशी, कुठल्या स्वयंपाकघरातून, काय मिळणार ते छापावे. आणि आपल्या पुरवणीनेही जाहिरात घेताना तेवढे विचारावे.

आपला,
एक वाचक,
टिळकवाडी, बेळगाव