बेटावरच्या किल्ल्याला निघताना आधी तिथी पाहा

महोदय,

पावसाळा सरला की शनिवार-रविवारी पुण्याहून अलिबाग-मुरुडकडे गाड्यांची रीघ लागते. राहण्याची जागा, मासळीची थाळी सगळे आधी ठरलेले असते. अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात पायी जाता येईल का, हे मात्र किनाऱ्यावर पोचल्यावर कळते. खरे तर घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतच त्याचे उत्तर असते.

कोळ्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे दशमीला सकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी, पावणेदोनला, पूर्ण ओहोटी. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींना पंधरा धरायचे. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, म्हणून निघण्यापूर्वी भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहावे.

सहाला पुणे सोडले तर खोपोली-पेणमार्गे अलिबागला दहा वाजतात. त्या दिवशी पौर्णिमा असेल तर पाणी चढत असते आणि ओहोटी थेट संध्याकाळी. एका दिवसात परतायचे असेल तर दशमी ते द्वादशी गाठावी. अष्टमीची ओहोटी ऐन दुपारी, म्हणून सोयीची वाटते. पण ते भांगाचे, म्हणजे कमी चढ-उताराच्या भरती-ओहोटीचे दिवस. पाणी पुरते उतरत नाही, मधल्या पट्ट्यात गुडघाभर राहू शकते. मुक्काम असेल तर द्वितीया-तृतीयेची सकाळ सर्वांत चांगली. उधाणाची ओहोटी, म्हणजे पाणी पुरते उतरते, वेळ पावणेआठ-साडेआठची, आणि डोक्यावर ऊन नाही.

घोळ होतो तो परतीच्या वेळेत. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी किनारा सोडावा आणि ओहोटीनंतर तासाभरात परतीची वाट धरावी. पाणी एकसारखे चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात सहावा, आणि तिसऱ्या-चौथ्या तासांत मिळून निम्मे! शिवाय ते आधी किल्ला आणि किनारा यांच्यामधल्या सखल भागात शिरते. किल्ल्याच्या दाराशी वाळू कोरडी दिसते म्हणून मंडळी फोटो काढत बसतात, आणि तोवर मागची वाट बुडालेली असते. असे झाल्यास पाण्यात मुळीच उतरू नये. होडी मिळेपर्यंत किंवा पुढच्या ओहोटीपर्यंत किल्ल्यातच थांबावे.

पायात पट्ट्याच्या सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट हवेत. खडकांना चिकटलेल्या कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात आणि शेवाळावर रबरी चप्पल हमखास सटकते. माणशी दोन लिटर पाणी न्यावे.

आत तासभर मिळाला तरी पुष्कळ आहे. राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेले गणेश पंचायतनाचे देऊळ, जवळचा तलाव, समुद्राच्या मधोमध असलेली गोड्या पाण्याची विहीर आणि उत्तरेच्या तटाजवळ चाकांवर उभ्या दोन तोफा. त्यांवर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचे नाव कोरलेले आहे. पण सर्वांत आधी तट पाहावा. चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचले आहेत. सांध्यात बोट घालून पाहा. लाटेचे पाणी या फटींतून शिरते आणि निघून जाते, त्यामुळे तिचा मार भिंतीवर साचत नाही. परतताना खडकातल्या डबक्यांशी दोन मिनिटे ओणवे व्हावे. समुद्रफुले आणि शंखात राहणारे खेकडे मुलांना तिथेच दाखवावेत, पिशवीत भरून आणू नयेत.

सिंधुदुर्गाला होडीनेच जावे लागते. मालवणला भरती अलिबागच्या आधी येते, त्यामुळे वरचा हिशेब तिथे जसाच्या तसा लावू नये. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, हे सुट्टी जोडून घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आपणास विनंती एवढीच, की दर शुक्रवारी पंचांगाच्या चौकटीखाली अलिबाग, मुरुड आणि मालवण येथील शनिवार-रविवारच्या ओहोटीच्या वेळा छापाव्यात. चार ओळींची जागा पुरेल.

– एक दुर्गप्रेमी वाचक, सदाशिव पेठ, पुणे