नरनाळ्याचा महाकाली दरवाजा

नागपूर, रविवार रात्र

प्रिय पिंट्या,

काय बे, पुण्याला गेल्यापासून तू फोन उचलून नाही राहिला, म्हणून लिहूनच टाकतो. काल नरनाळ्याला, अकोल्याकडच्या त्या डोंगरी किल्ल्यावर, जाऊन आलो. पहाटे चारला निघालो, अमरावतीत चहा-पोहे (तर्री नव्हती, जाऊ दे), मग अंजनगाव, अकोट करत शहानूर, तिथून मेळघाटच्या जंगलातून वर.

तुझं नेहमीचं असते ना, किल्ला म्हणजे सह्याद्रीच, विदर्भात काय ठेवलंय म्हणून? एकदा महाकाली दरवाजासमोर उभा राहा राजा. खालचा शहानूर दरवाजा पाहून मला वाटलं असेच असतील सगळे, दणकट अन् रुक्ष, पण हा वळणावर समोर आला अन् मी पाण्याची बाटली उघडी तशीच हातात धरून उभा. आपल्याकडे जिकडे पाहा तिकडे काळा दगड, अन् हा पांढरट वालुकाश्माचा. कमानीच्या वर दगडात कोरलेली कमळं, दोन्ही बाजूंना बाहेर आलेले नक्षीदार सज्जे, आत पहारेकऱ्यांच्या खोल्या, अन् वरून अरबी अक्षरांची पट्टी, ती अक्षरं इतकी बारीक अन् एकात एक गुंतलेली की मला आधी वेलबुट्टीच वाटली. एका सज्जात वानर बसला होता, पाय खाली सोडून, जसा काही किल्लेदारच.

आता खरी गंमत ऐक. १४८१ मध्ये बहमनी सुलतानानं आपल्याच वजिराला, महमूद गवानला, मारून टाकलं, पुढच्याच वर्षी सुलतानही गेला अन् बारा वर्षांचं पोरगं गादीवर बसलं. तेव्हा इकडे वऱ्हाडात गाविलचा सुभेदार होता फतहुल्ला इमाद-उल-मुल्क, मूळचा विजयनगरकडचा हिंदू पोरगा, लढाईत पकडून आणलेला अन् इकडेच मुसलमान म्हणून वाढलेला. त्यानंच १४८६-८७ मध्ये हा दरवाजा बांधला. वरच्या अरबी लेखात बहमनी सुलतान महमूदशहाचं, म्हणजे त्याच पोराचं, नाव आहे बरं का, एकदम आज्ञाधारक. अन् १४९० मध्ये हेच साहेब स्वतंत्र झाले, वऱ्हाडात त्यांची इमादशाही सुरू! म्हणजे बोर्ड मालकाचा लावला अन् दुकान आपलं केलं. माझ्या ऑफिसात असे दोघं आहेत, नावं नाही सांगत. मला विचारशील तर हा लढाईसाठी बांधलेला दरवाजाच वाटत नाही, तो येणाऱ्याला दाखवायला बांधलाय, की इथं कोण बसलाय ते समजून घे. लढायचंच असतं तर सज्जे अन् कमळं कायले कोरली असती?

नौगजी तोफ अन् तलावही पाहिले, पण खरं सांगू, पाय पुन्हा दरवाजाकडेच वळत होते. उतरताना अर्धा तास त्याच्या सावलीत बसलो, दगड दुपारीही थंडगार. तेव्हा आठवलं की फतहुल्लाचा पणतू बुऱ्हाण, तो पोरगा असतानाच गादीवर आला अन् त्याचाच वजीर तुफालखान कारभार बळकावून बसला, अन् बुऱ्हाणला कैदेत ठेवलं कुठं, तर इथंच, नरनाळ्यावर. पुढं १५७४ मध्ये अहमदनगरचा मुर्तझा निजामशहा आला अन् वजीर, राजा सगळेच संपले.

वानर मात्र अजून तिथंच होता बे. माझं बिस्किट पण घेऊन गेला. दिवाळीत येशील तेव्हा पुन्हा जाऊ, गाडी माझी, डिझेल तुझं.

तुझाच,
बाळ्या