भर समुद्रात बिघडलेला ऑटोपायलट आणि तुमच्या ग्राहक सेवेने नाकारलेली माहिती

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख आणि तांत्रिक विभाग प्रमुख

विषय : रडर सेन्सरचा बिघाड, फेटाळलेला वॉरंटी दावा आणि फोनवर मिळालेली वागणूक

तुमच्या ऑटोपायलटच्या (बोटीचं सुकाणू आपोआप सांभाळणाऱ्या यंत्राच्या) रडर सेन्सरचा, म्हणजे सुकाणू किती वळलंय ते यंत्राला कळवणाऱ्या भागाचा, कनेक्टर ‘अनधिकृत व्यक्तीने उघडला’ म्हणून माझा दावा फेटाळला आहे आणि आता यावर बोलण्यासारखं काही उरलेलं नाही, असं तुमच्या वॉरंटी विभागाने आज फोनवर सांगितलं. बोलण्यासारखं बरंच आहे. ती अनधिकृत व्यक्ती म्हणजे मी. चारही दिशांना पाणी असताना अधिकृत माणूस मी कुठून आणायला हवा होता?

पहिल्यापासून सांगते, कारण तुमच्या नोंदींत पहिला भागच चुकीचा लिहिलेला आहे. निघायच्या दिवशी आम्ही इंजिनवर बंदराबाहेर पडलो आणि मेनसेल (मुख्य शीड) चढवायची म्हणून बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्याकडे धरून ऑटोपायलट ‘ऑटो’वर टाकला. काही क्षणांत सुकाणू पूर्ण उजवीकडे गेलं आणि तिथेच राहिलं. नवरा डोलकाठीपाशी हॅलयार्ड (शीड चढवायची दोरी) ओढत होता. बोट गर्रकन फिरली, बूम (शिडाखालचा आडवा दांडा) त्याच्या डोक्यावरून सरकला आणि समोर बांधाचे दगड आले. यंत्र सोडवायला मी ‘स्टँडबाय’ दाबलं, पण सुकाणूला धरून ठेवणारा क्लच सुटेना. शेवटी खाली धावत जाऊन यंत्राच्या विजेचा ब्रेकर पाडला, तेव्हा कुठे चाक हातात आलं.

आम्ही परत जाऊन नांगर टाकला आणि तुम्हाला फोन केला. होकायंत्राचं कॅलिब्रेशन पुन्हा करा, असं उत्तर मिळालं. मी तेव्हाच सांगितलं होतं, की सुकाणू टोकाला असताना तुमच्या स्क्रीनवरची पट्टी ते मधोमध असल्याचं दाखवत होती. तुमचं यंत्र तुम्हाला माहीत आहे. होकायंत्र चुकलं तर बोट चुकीच्या दिशेला जाईल, पट्टी खोटं बोलणार नाही. पट्टी खोटं बोलते ती रडर सेन्सरमुळे. पण कागदावर होकायंत्र लिहिलं होतं, म्हणून होकायंत्रच. सांगितल्याप्रमाणे शांत पाण्यात गोल फिरून ते केलं, त्यानंतर यंत्र नीट चाललं आणि तुम्ही तक्रार ‘निकाली’ काढली.

किनारा खूप मागे पडल्यावर, रात्री, मागून मोठ्या लाटा येत असताना तेच पुन्हा झालं. सुकाणू टोकाला, पट्टी मधोमध.

मी अंदाजाने बोलत नव्हते. वीज बंद करून यंत्राचे भाग जोडणाऱ्या केबलच्या नेटवर्कचा रेझिस्टन्स मोजला. दोन्ही टोकांचे १२० ओहमचे टर्मिनेटर (केबलच्या टोकाचे रोधक) जागेवर असले की यायला हवेत तसे ६० ओहम आले, म्हणजे केबल ठीक होती. बॅटरीचा दाब ड्राइव्हपाशी, म्हणजे सुकाणू फिरवणाऱ्या भागापाशी, पडत नव्हता. मग सुकाणू हाताने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेत सेन्सरचा रेझिस्टन्स पाहिला. तो सलग बदलायला हवा. आमचा मध्येच उडी मारत होता. एवढं सगळं कागदावर लिहून घेऊन मी सॅटेलाइट फोन लावला.

तो संवाद मी विसरू शकत नाही, तुम्हीही तो नीट वाचावा. तुमच्या प्रतिनिधीने आधी सीरियल नंबर मागितला. तो कोर्स कॉम्प्युटरच्या (ऑटोपायलटच्या मुख्य पेटीच्या) मागच्या बाजूला, म्हणजे झोपायच्या बंकखाली. हलत्या बोटीत टॉर्च तोंडात धरून मी तो वाचला. मग खरेदीची तारीख. मग डीलरचा कोड. मग त्यांनी विचारलं, “प्रॉडक्ट सध्या कुठे आहे? पिन कोड सांगा.” मी सांगितलं, “आम्ही समुद्रात आहोत. अक्षांश-रेखांश देते, लिहून घ्या.” ते म्हणाले, “मॅडम, सिस्टिम पिन कोडशिवाय पुढे जात नाही.” मी अक्षांश-रेखांश दोनदा वाचून दाखवले. त्यांनी मला होल्डवर ठेवलं. सॅटेलाइट फोनचा मिनिटामिनिटाचा हिशोब असतो, हे मी आधीच सांगितलं होतं. परत आल्यावर म्हणाले, “टेक्निशियन व्हिजिट बुक करू शकतो, पण बोट धक्क्याला लागलेली पाहिजे.”

मग मी सरळ विचारलं, “रडर सेन्सरशिवाय चालवायचा मोड या मॉडेलमध्ये आहे का?” ते म्हणाले, “आहे, पण तो डीलर मेनूमध्ये आहे.” मी म्हटलं, “मग तिथे कसं जायचं ते सांगा.” यावर उत्तर आलं, “ती माहिती ग्राहकांना देता येत नाही, मॅडम. सुरक्षेच्या कारणास्तव.”

कुणाच्या सुरक्षेच्या? त्या वेळी माझा नवरा अंधारात चाक धरून उभा होता. बोटीवर आम्ही दोघंच. समुद्रातल्या टकरी टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम सांगतो, की प्रत्येक नौकेवर सतत डोळ्यांनी आणि कानांनी पहारा असला पाहिजे. मागून लाटा ढकलत असताना चाक धरणाऱ्याची नजर होकायंत्रावरून हलत नाही. मग पहारा कोण देणार? आराम करण्याच्या पाळीत जो झोपायला हवा, तोच. दोघंही थकत गेलो, आणि बोटीवर थकव्यानेच चुका होतात. याच कारणासाठी लोक तुमचं यंत्र विकत घेतात.

ती माहिती शेवटी लांब पल्ल्याच्या एचएफ रेडिओवर दुसऱ्या बोटीवरच्या एका खलाशाने दिली. कुठली दोन बटणं किती वेळ दाबून धरायची, एवढीच ती होती. त्या मोडवर बोट थोडी नागमोडी चालली, पण चालली, आणि आम्ही बंदर गाठलं. तुम्ही हे एका वाक्यात सांगू शकला असता. सुरक्षेच्या कारणास्तव सांगितलं नाहीत.

आता कनेक्टर. त्याची टोपी घट्ट होती, तरी आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या आणि सीलच्या रिंगखाली ओल होती. तुमच्या माहितीपत्रकात आयपी ६७ (पाणी-धुळीपासून संरक्षणाचा दर्जा) लिहिलं आहे. ती चाचणी एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून होते. महिनोन्‌महिने खाऱ्या दमट हवेत, सुकाणूच्या दांड्याशेजारी बसणाऱ्या भागाला तेवढं पुरतं, असं तुमच्या तांत्रिक विभागाला खरंच वाटतं का? वाटत नसेल, तर त्यावर ‘ऑफशोअर’, म्हणजे भर समुद्रासाठी, असं छापू नका. १९६० मध्ये अटलांटिक ओलांडण्याच्या एकेकट्यांच्या शर्यतीत फ्रान्सिस चिचेस्टर जिंकले, तेव्हा त्यांच्या बोटीचं सुकाणू वाऱ्याच्या दिशेनुसार वळणारं पातं सांभाळत होतं. त्यात वीजही नव्हती. मी तुमच्या नावावर विश्वास ठेवून तसं पातं बसवलं नाही, याचं मला आज फार वाईट वाटतं.

आणि तुमच्या नोंदीत त्या रात्रीची तक्रार बंद करण्याचं कारण काय लिहिलंय? ‘ग्राहकाने ठिकाण दिले नाही.’ मी ते दोनदा वाचून दाखवलं होतं.

मला नवा सेन्सर हवा आहे, सील सुधारलेला. तोच जुना प्रकार नको. सेन्सरशिवायचा मोड कसा लावायचा, ते प्रत्येक ग्राहकाच्या छापील पुस्तिकेत आलं पाहिजे. फोन घेणाऱ्या माणसाने पहिला प्रश्न “तुम्ही समुद्रात आहात का?” हाच विचारला पाहिजे. आणि ती नोंद दुरुस्त करून मला लेखी कळवा.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर मी ग्राहक न्यायालयात जाईन. मोजमापांचा कागद, कॉलच्या वेळा आणि फोटो तिथे सादर करीन. आमच्या विमा कंपनीला निघतानाच्या प्रसंगाचा अहवाल मी आधीच दिला आहे. माझ्या ओळखीचे जे जे लांबच्या प्रवासाची तयारी करत आहेत, त्यांनाही हे सांगते आहे आणि सांगत राहीन.

जुना सेन्सर तुमच्या सेवा केंद्राने परत मागितला आहे. तो मी पाठवणार नाही. तपासायचा असेल तर तुमचा माणूस पाठवा. माझ्या समोर तपासावा. बोट सध्या धक्क्याला लागलेली आहे.

एक ग्राहक
(सीरियल नंबर तुमच्या नोंदीत आहे.)