पार्लरवाल्या ताई, त्या दिवशी कूलर बंद केलात ना, त्याबद्दल

ताई,

तुमचं नाव इथे टाकत नाहीये, टाकलं तर तुम्हीच फोन करून ओरडाल. पण चार लोकांसमोर लिहायचंच होतं, कारण तोंडावर आभार मानायला आले की तुम्ही "जाऊ द्या हो" म्हणता आणि दोरा हातात घेता.

गेल्या मे मधली गोष्ट. जळगावचा मे म्हणजे दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, आणि मी तुमच्या खुर्चीत फुल बाह्यांचा कुर्ता घालून, वरून ओढणी गुंडाळून बसलेली. कूलरचा झोत आला की अंगावर काटा यायचा, पण बोलायची लाज वाटायची, घरी त्यावरून रोज चेष्टा चाललेली. तुम्ही काही विचारलं नाहीत. उठलात, कूलर बंद केलात, परत येऊन माझ्या भुवयांना पावडर लावायला लागलात. शेजारच्या खुर्चीतली बाई "अहो शिजतोय आम्ही इथे" म्हणाली तर म्हणालात, "दहा मिनिटं थांबा." दोरा दातात, घाम पार मानेवरून ओघळतोय, आणि तुम्ही आपल्या शांतपणे आयब्रो करताय. दीड वर्षात पहिल्यांदा कोणीतरी मला खरंच थंडी वाजतेय हे मान्य केलं होतं हो. आत्ता लिहितानासुद्धा डोळे भरून आलेत.

मग आरसा हातात देऊन म्हणालात, "ताई, बाहेरचं टोक मी काढलेलं नाही, ते आपोआप गेलंय. माझ्या मोठ्या बहिणीचं असंच झालेलं. मी काय डॉक्टर नाही, पण एकदा थायरॉईड तपासा."

आता आधीच्यांचं पण सांगते, राग अजून गेला नाहीये. एका डॉक्टरांकडे मी चार वेळा गेले. दिवसभर झोप येते, पोट साफ होत नाही, पाळी दहा-दहा दिवस चालते, केस मुठीने गळतात, फोनवर लोक मला "बोला भाऊ" म्हणतात इतका आवाज जाड झालाय, सगळं सांगितलं. उत्तर काय, तर वजन कमी करा, टेन्शन घेऊ नका, चाळीशी आली की असं व्हायचंच. कोलेस्टेरॉल वाढलं तर म्हणे तेल कमी खा. चार वेळात एकदाही मान वर करून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. घरचे तर आळशीच म्हणायचे, आणि मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. हे सगळ्यात वाईट.

तुमच्या सांगण्यावरून दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आधी नाडी धरली, गळ्याला हात लावून आवंढा गिळायला लावला, आणि केसांसाठी रील बघून चालू केलेल्या बायोटिनच्या गोळ्या दोन दिवस बंद करून मगच रक्त द्यायला सांगितलं, नाहीतर म्हणे रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, आला 68. कागदावर शेजारी छापलेलं की साडेचारपर्यंत नॉर्मल. हा आकडा इतका वाढला म्हणजे थायरॉईड कमी पडतोय. मी रिक्षात बसून रडले, आणि खरं सांगू, आनंदाने रडले. मी आळशी नव्हते.

आता थायरॉईडची गोळी उशाशी असते. उठल्या उठल्या पाण्याबरोबर, चहा त्यानंतर तासाभराने (हे सगळ्यात अवघड), कॅल्शियमची गोळी रात्री. सहा आठवड्यांनी परत रक्त दिलं, डोस वाढवला. एकदम जादू झाली नाही, तीनेक महिने गेले, पण एका सकाळी अलार्मच्या आधी जाग आली आणि मी वेड्यासारखी उठून भांडी घासायला लागले.

आणि हे वाचणाऱ्या बायांनो, नुसत्या भुवया विरळ झाल्या म्हणून घाबरून जाऊ नका, थकवा रक्त कमी असलं तरी येतो. पण थंडी, सूज, बद्धकोष्ठता, पाळीची गडबड असं दोन-चार गोष्टी मिळून आठवड्यानुआठवडे चालल्या असतील तर टीएसएच मागून घ्या, डॉक्टर नको म्हणाले तरी. उलटंही असतं. आमच्या बिल्डिंगमधली पोरगी भरपूर खाऊन बारीक होत होती, छातीत धडधड, हात थरथरायचे, आणि आम्ही सगळ्या तिला डाएट विचारत होतो! तिचा थायरॉईड जास्त निघाला. गळ्यात गाठ लागली, गिळताना अडकायला लागलं तर अजिबात थांबू नका. दिवस राहिले असतील किंवा तसं ठरवत असाल आणि आधीपासून गोळी चालू असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा, डोस बदलावा लागतो.

असो, भाषण झालं. ताई, तुमच्या त्या दहा बाय दहाच्या पार्लरमध्ये भिंतीवर एकही सर्टिफिकेट नाही. तिकडे त्या केबिनमध्ये सात होती, मोजली होती मी, वेळ भरपूर असायचा ना, ते फोनवर बोलत असायचे.

त्या दिवशी मी डोक्यातच नसल्यामुळे पैसे न देता निघून गेले होते, घरी पोचल्यावर आठवलं. तुम्ही आजपर्यंत एका शब्दाने मागितले नाहीत. रविवारी येतेय. भुवया टोकाला थोड्या उगवल्यात, तेवढ्या नीट करून द्या. आणि कूलर फुल ठेवा, मला आता घाम येतो.

तुमची,
ओढणीवाली