पपनसाला कळ्या आल्यात

ती. बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि अर्धं आईलाच परत सांगावं लागतं, म्हणून लिहितेच. आपल्या पपनसाला कळ्या आल्यात! दिवेआगरच्याच. २०१९ च्या पावसात बाबांनी फांदीलाच मुळं फुटवून गुटी बांधून दिलेली ती मी अलिबागला आणली, आणि पुढच्या ३ जूनला निसर्ग वादळात मूळ झाड पडलं, पोफळींसकट. बाबा तुम्हीच सांगायचात ना, पपनस बियाने लावलं तर मूळ वाणावर जात नाही, गुटी म्हणजे तेच झाड. म्हणून या कुंडीला मी इतकी जपते.

मधे एका जुलैत ते जवळजवळ गेलंच होतं. पानं पिवळी पडून गळायला लागली, मला वाटलं खत कमी पडतंय, अजून घातलं. शेवटी ड्रम आडवा केला तर खालची भोकं मातीने बुजलेली, मुळं तपकिरी, बोटाने धरली की साल सुटून हातात येत होती, कुजका वास. सडकी मुळं कापली, जांभ्याची माती कमी करून नारळाचं सोडण आणि नदीची वाळू मिसळली (किनाऱ्यावरची नाही, त्यात मीठ असतं) आणि ड्रम विटांवर ठेवला. आता पावसाळ्यात खत थोडं थोडं पण वरचेवर देते, आपल्या पावसात सगळं वाहूनच जातं.

आई, अंबाबाईच्या हातात असतं ते महाळुंगपण लावलंय. त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी दिसलं, पुसायला गेले तर हललं! फुलपाखराची अळी. बोट लावलं की डोक्यातून दोन शिंगं काढते, उग्र वास येतो. पानं खाते, खाऊ दे. आपली राणी पाकोळी, २०१५ ला राज्याचं फुलपाखरू केलं ती, तीपण लिंबाच्या जातीवरच वाढते, तिची वाट बघतेय.

कुमक्वाट म्हणून इवल्या संत्र्यासारखं फळ आहे, तेपण लावलंय. आई तुला आवडेल, सालीसकट खायचं, साल गोड आणि आतून आंबट.

बाबा, गुडघ्यांमुळे तुम्हाला वाडीत उतरता येत नाही म्हणून कुंड्या गॅलरीत तुमच्या खुर्चीच्या उंचीला ठेवल्यात. कुमक्वाटच्या कलमाखालून काटेरी फूट आलीय, ज्यावर कलम बांधलंय त्या खुंटाचीच. एक मी कापली, दुसरी तुमच्यासाठी ठेवलीय. या महिन्यातच या, फार वाढायच्या आत, आणि येताना कलमाचा चाकू आणा.

तुमची,
ताई