सर्टिफिकेटचा खर्च वर्षातून एकदा मंजूर करून भागणार नाही

महोदय,

सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरमधल्या धर्मशाळा, न्यास आणि मंगल कार्यालये वेबसाइटवर खोल्यांची नोंदणी सुरू करत आहेत. भाविकाने मोबाइलवर ती उघडावी आणि समोर ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ यावे, तर नोंदणी तिथेच संपली. यात बहुतेक वेळा हॅकर वगैरे कोणी नसतो, वेबसाइटची ओळख पटवणाऱ्या आणि कनेक्शन सुरक्षित करणाऱ्या डिजिटल सर्टिफिकेटची मुदत संपलेली असते एवढेच.

बहुतेक संस्थांत सर्टिफिकेटचे बिल वर्षातून एकदा मंजूर होते आणि कोणीतरी ते सर्व्हरवर हाताने चढवतो. ही पद्धत आता मोडीत निघाली आहे. पूर्वी सर्टिफिकेट जास्तीत जास्त ३९८ दिवस चालत असे. १५ मार्च २०२६ पासून ही मर्यादा २०० दिवसांवर आली, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस. पैसे वर्षाचे भरले तरी मधे नवे सर्टिफिकेट काढून बसवावे लागणारच. हे काम यंत्रावर सोपवणे भाग आहे.

लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे सर्टिफिकेट फुकट मिळते आणि सर्टबॉट हा सर्व्हरवरचा प्रोग्रॅम ते आपोआप नवे करतो. साध्या माहितीच्या साइटला विकतचे घेण्याचे कारण मला तरी दिसत नाही. मात्र ‘आपोआप’ म्हटले की लोक निर्धास्त होतात, आणि घोटाळा तिथेच होतो. सुरक्षेच्या नावाखाली कोणीतरी ८० नंबरचा पोर्ट, म्हणजे सर्व्हरचे साध्या एचटीटीपी भेटींसाठीचे दार, बंद करतो. डोमेनची, म्हणजे साइटचे नाव आपल्याच ताब्यात असल्याची, पडताळणी साधारणपणे त्याच पोर्टवरून होत असल्याने नूतनीकरण अडते. कधी नवे सर्टिफिकेट डिस्कवर येऊन पडते, पण साइट दाखवणारा एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर रीलोड न झाल्याने जुनेच दाखवत राहतो. रीलोडचा आदेश सर्टबॉटच्या डिप्लॉय-हुकमध्येच, म्हणजे नवे सर्टिफिकेट आल्यावर आपोआप चालणाऱ्या आदेशांत, लिहून ठेवावा. मुदत संपत आल्याची आठवण करणारे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ मध्ये बंद केले, त्या भरवशावर राहू नये.

सगळ्यात फसवी चूक वेगळीच. ‘सर्ट’ (फक्त साइटचे सर्टिफिकेट) आणि ‘फुलचेन’ (त्यासोबत ते देणाऱ्या संस्थेचे मधले सर्टिफिकेटही) अशा दोन फाइली मिळतात आणि घाईत पहिलीच लावली जाते. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर साइट व्यवस्थित उघडते, कारण साखळीतले मधले सर्टिफिकेट त्या ब्राउझरकडे आधीच असते किंवा तो ते स्वतः मागवून घेतो. अँड्रॉइड फोनवर मात्र इशारा येतो. ‘आमच्याकडे तर चालतंय’ हे उत्तर इथूनच येते. एन्जिनएक्सला फुलचेनच द्यावी आणि तपासणी मोबाइल डेटावर, शक्यतो नव्या फोनवर करावी. सर्टिफिकेटमध्ये ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह आणि त्याशिवाय अशी दोन्ही नावे आहेत ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

विश्वस्तांनी आपल्या वेबसाइटवाल्याला सर्टबॉटची ‘ड्राय-रन’ चाचणी (नूतनीकरणाची रंगीत तालीम) समोर बसून करायला सांगावे. दोन मिनिटांचे काम आहे. तो टाळाटाळ करू लागला, तर डोमेन नक्की कोणाच्या नावावर आहे तेही त्याच बैठकीत विचारून घ्यावे.

— एक सर्व्हर व्यवस्थापक, नाशिक