हाकून नव्हे, होकुन

प्रिय दिगंबर,

सप्रेम नमस्कार.

आठ महिने तुला पत्र लिहिले नाही याचे कारण रक्तदाब नव्हे, तो गोळीवर ठीक आहे, कारण लाज. चाळीस वर्षांपूर्वी तू मुलाचे नाव युरी ठेवलेस, तेव्हा भर बारशात "दुसऱ्याचे काय, स्पुटनिक?" असे मी विचारले होते आणि वहिनींनी मला घुगऱ्याही दिल्या नव्हत्या. आता माझ्या नातवाचे नाव होकुन आहे. हास.

लेकीने नॉर्वेतल्या बर्गनहून रोमन लिपीत नाव कळवले, ते मी "हाकून" असे वाचले आणि गुरे की बैलगाडी, असे उलट विचारले. अण्णांचे नाव चालवावे ही माझी इच्छा तुला ठाऊकच आहे. महिनाभर अबोला झाला. पुढे तिकडे गेलो, तेव्हा जावयाने काही न बोलता मला होकुनच्या दगडी राजसभागृहात नेऊन उभे केले. ते बांधणारा नॉर्वेचा राजा चौथा होकुन 1204 साली बापाच्या मृत्यूनंतर जन्मला, आणि दोन वर्षांचा असताना, शत्रूच्या हाती लागू नये म्हणून, दोघा योद्ध्यांनी त्याला भर हिवाळ्यात स्कीवरून डोंगर ओलांडून नेले. त्या आठवणीसाठी 1932 पासून नॉर्वेत 54 किलोमीटरांची स्कीशर्यत होते आणि प्रत्येक स्पर्धक पोराचे ओझे म्हणून साडेतीन किलो पाठीवर वाहतो. आपल्या वसुदेवाला एवढी माणसे मिळाली नाहीत.

त्या योद्ध्यांच्या पक्षाला बिर्केबाइनर, म्हणजे भूर्जपाये, म्हणत. पायांना झाडाची साल गुंडाळणारे. त्यांचा "बिर्क" आणि आपला "भूर्ज" एकाच मुळाचे. होकुनच्या जुन्या रूपातला "हा" म्हणजे बहुधा उंच, आणि "कोन्र" म्हणजे कुळातला पुत्र. हा "कोन्र"ही आपल्या "जन"चा भाऊबंद. हे कळल्यावर माझा राग निम्मा उतरला, हे लेकीला सांगू नकोस. 1380 साली सहावा होकुन वारल्यावर पाचशेहून अधिक वर्षे तिथे त्या नावाचा राजा झाला नाही. 1905 मध्ये स्वीडनपासून वेगळे झाल्यावर नॉर्वेने डेन्मार्कचा राजपुत्र कार्ल निवडला, त्याने स्वतःचे नाव टाकून होकुन हे घेतले आणि दोन वर्षांच्या मुलालाही अलेक्झांडरचा ओलाव केले. परका माणूस त्या मातीचा व्हायला नाव बदलतो, आणि मी आजोबा असून अडून बसलो होतो.

तरी धास्ती उरतेच. डिसेंबरात पोर पुण्याला येईल तेव्हा आपली मंडळी त्याला हाकूनच म्हणणार, आणि पहिला विनोद मीच करून ठेवला आहे.

तुझ्या मोतीबिंदूचे काय झाले? वहिनींना नमस्कार. युरीला विचार, शाळेत नावावरून त्याला काय काय ऐकावे लागले, सविस्तर कळव.

तुझा,
वसंत